तबकडीवरची नाममुद्रा

आषाढ शुद्ध एकादशीचे माहात्म्य सांगताना चंद्रभागेचे स्नान, पांडुरंगाचे दर्शन आणि दिवसभराचा उपवास यांचा उल्लेख आपण आवर्जून करतो. परंतु ज्यांना पंढरीची वाट चालणे जमत नाही, अशा असंख्य भाविकांच्या घरी ही एकादशी येते ती कानांच्या वाटेने. पहाटेच्या अंधुक प्रकाशात कोठून तरी एखादा अभंग ऐकू येतो आणि घरबसल्या वारी घडते. हा अभंग पूर्वी देवळातील भजनी मंडळींच्या टाळांतून येई, कीर्तनकाराच्या मुखातून येई किंवा जात्याच्या घरघरीतून येई. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात आणखी एका वाटेची भर पडली. लाखेच्या काळ्या तबकडीवर अभंग कोरला गेला आणि चावी देऊन चालणाऱ्या पेटीतून तो माजघरांत वाजू लागला.

या तबकड्यांवर गायिलेल्या थोर गायक-गायिकांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच होय. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र एक अप्रसिद्ध तबकडी आहे. ती कोणत्याही ग्रंथात नाही, आकाशवाणीवर ती कधी लागल्याचे ऐकिवात नाही, आणि तिच्यावरील गायिकेचे नाव वाचता येत नाही. ते का वाचता येत नाही, याची हकीकत एकादशीच्या दिवशी सांगण्याजोगी आहे.

लाखेची थाळी

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा कीटक राळेसारखा स्राव सोडतो. तीच लाख. तीत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून तापवीत आणि ठशाखाली दाबून थाळी तयार करीत. ही थाळी मिनिटास सुमारे अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. दहा इंची थाळीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. बाजू संपली की थाळी उलटायची, पोलादी सुई बदलायची, पुन्हा चावी द्यायची. एवढी सेवा केल्यावाचून हा गंधर्व गात नसे.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, कलकत्त्यास. फ्रेडरिक गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक यंत्रसामग्री घेऊन आला आणि गौहरजान या विख्यात गायिकेने त्याच्या कर्ण्यासमोर गाऊन शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगितले. त्या काळी ध्वनिमुद्रण येथे होई, पण तबकड्या तयार होऊन येत त्या जर्मनीतील हॅनोव्हर शहराहून. कोणते गाणे कोणाचे, हे तेथील कारागिरांना उमगावे, म्हणून गाणे संपताच गायकाने स्वतःचे नाव उच्चारण्याची प्रथा पडली असे सांगतात. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदा येथे कारखाना निघाला, तबकडीच्या मध्यभागी नाव छापले जाऊ लागले, आणि आपणच आपले नाव पुकारण्याची ही चाल हळूहळू मागे पडली.

आपल्या संतकवींची नाममुद्रा ही तरी दुसरे काय आहे? अभंगाच्या अखेरच्या चरणात तुकोबा येतात, नामदेव येतात, नामयाची दासी म्हणवून घेणारी जनाबाई येते. छापखाना नव्हता त्या काळात वाणी कोणाची हे सांगण्याची जबाबदारी त्या वाणीनेच उचलली होती. पाठ करणाऱ्याने रचना उचलली की नावही तिच्याबरोबर आपोआप उचलले जाई. नाव छापील कागदावर गेले आणि ते झाकता येण्याजोगे, फाडता येण्याजोगे झाले.

तीन मिनिटांत मावलेले भजन

दिंडीतील भजनाला घड्याळ नसते. एकच चरण पाव तास घोळतो, टाळकरी पावली घेतात, मृदंगाची लय चढत जाते. तबकडीवर हे कसे जमावे? गायकाने मग कडव्यांची निवड केली, पुनरावृत्ती आखडती घेतली, आलापीचे एखाददुसरे वळण ठेवले आणि नाममुद्रेचा चरण मात्र सोडला नाही. त्यातून भजनाचा एक नवाच घाट तयार झाला. बालगंधर्वांनी 'संत कान्होपात्रा' या १९३१ सालच्या नाटकात मास्तर कृष्णरावांच्या चालींवर जी भजने गायिली, त्यांचा प्रसार नाट्यगृहाबाहेर झाला तो बव्हंशी तबकड्यांमुळेच. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' बोलपटातील विष्णुपंत पागनिसांचा आवाजही असाच खेडोपाडी पोहोचला. त्या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या धर्तीवर रचलेले एक पद लोकांना इतके अस्सल वाटले की ते तुकोबांचेच म्हणून गाथेत शोधले गेले. कवीस याहून मोठी पावती कोणती? परंतु रचनाकाराचे नाव मागे राहून रचना पुढे कशी निघून जाते, याचाही हा उत्तम दाखला आहे.

मिरजेच्या माळ्यावरील पेटी

आमचे आजोळ मिरजेचे. १९५७ ते १९६१ ही चार वर्षे मी शिक्षणासाठी तेथे होतो. मिरज हे सतारमेकरांचे गाव. पंढरपूरच्या बाजूला भीमेच्या काठी पिकणारे मोठाले भोपळे तेथे येत आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी हेच गाव आपले मानले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे देहावसान झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले. अशा गावात गाणे हा कोणाच्या नवलाचा विषय नव्हता. ते कोणी गावे, हा मात्र होता.

आजोबांच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. एरवी तो कपाटात बंद असे. आषाढी व कार्तिकी एकादशी, रामनवमी आणि गोकुळाष्टमी हे त्याचे ठरलेले दिवस. आषाढीस सायंकाळी देवघरासमोर सतरंजी पडे. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी असा फराळ आटोपून शेजारीपाजारी जमत. थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे वडील बंधू, पाटावर बसत. आजोबा स्वतः चावी देत, आणि साउंडबॉक्स खाली टेकला की क्षणभर केवळ खरखर ऐकू येई. ती खरखर मला अद्याप आठवते. पाऊस येण्याआधी पत्र्यावर जसा बारीक आवाज होतो, तशी ती होती, आणि मग त्यातून गाणे वर येई.

त्या घराची विक्री झाली. सामान काढताना गेल्या वर्षी मामेभावाला माळ्यावर पत्र्याची एक पेटी सापडली. जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळलेल्या एकोणीस तबकड्या तीत होत्या. तीन फुटल्या होत्या. बाकीच्यांपैकी बहुतेक नावे ओळखीची निघाली. एका तबकडीच्या कागदी वेष्टणावर मात्र बुक्क्याचे बोट उमटलेले दिसले, आणि आत तबकडीच्या लेबलावर, जेथे गायिकेचे नाव असावयाचे, नेमक्या तेथे खळीने डकवलेली कागदाची एक पट्टी होती. पट्टीला कसर लागलेली होती. कसरीने पट्टीबरोबर खालचे छापील अक्षरही खाऊन टाकले होते. शेवटची दोन अक्षरे तेवढी शिल्लक होती : 'बाई'.

कागदाची पट्टी

पुण्यातील एका संग्राहक स्नेह्याकडे ती तबकडी आम्ही ऐकली. या तबकडीची खाच रुंद असते. दीर्घवादी तबकडीच्या सुईच्या सुमारे तिप्पट जाडीची सुई तिला लागते. त्याने ती लावली, आणि जनाबाईंचा एक अभंग सुरू झाला. साथीला पेटी, तबला आणि मागे कोठे तरी किणकिणणारी झांज. आवाज किंचित नाकातला, पण स्वच्छ. शब्द ओठांवर तोलून टाकलेले. तिसऱ्या चरणावर एक लहानशी मुरकी घेऊन ती बाई समेवर अशी अलगद उतरली की माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. कारण ती मुरकी मी शेकडो वेळा ऐकली होती. तबकडीवर नव्हे, आजीच्या तोंडून.

आजी पहाटे जात्यावर बसे तेव्हा हाच अभंग म्हणे, याच चालीत, याच मुरकीसह. मुलामुलींनी तो तिच्याकडून उचलला. माझ्या मामांच्या घरी, मावशीच्या सासरी, पुढे आमच्या घरीही तो एकादशीस म्हटला जाऊ लागला आणि सर्व नातलगांत ती 'आमच्या घरची चाल' म्हणून प्रसिद्ध झाली. आजीचा आवाज कोणी कधी मुद्रित केला नाही. तिचे छायाचित्रही एकच आहे. त्या दिवशी पुण्यातील त्या खोलीत एका अनोळखी गायिकेच्या गळ्यातून मला माझी आजी साठ वर्षांनी ऐकू आली. गाणे संपल्यावर थाळीवर दोन-तीन सेकंदांची जागा उरली होती. तेवढ्यात कोणा साथीदाराने हलकेच 'वा' म्हटलेलेही त्या तबकडीने टिपले आहे.

पट्टीचा उलगडा मावशीने केला. ती आता नव्वदी ओलांडून गेली आहे. दृष्टी मंदावली आहे, पण स्मरण लखलखीत. तबकडीची नक्कल तिला ऐकवली तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, ही तर बाईंची! आई म्हणायची ना, 'बाईंनी इथं असं घेतलंय, तसंच घ्यायचं.' तुम्हांला वाटायचं, तिला कुणी शिकवायला बाई होत्या. कुठल्या बाई आणि कुठलं काय! आईला गाणं शिकायला घराबाहेर कोण पाठवणार होतं? बाई म्हणजे ही, पेटीतली."

"आणि ती पट्टी?"

"ती थोरल्या काकांनी लावली. एकादशीला मंडळी जमायची. तबकडी हातात घेऊन कुणी नाव वाचलं, की लगेच विचारायचं, 'ही कोण? कुठली?' काकांना ते नको असायचं. गाणं हवं होतं. नाव नको होतं."

कान्होपात्रेच्या भगिनी

मावशीच्या या अखेरच्या दोन वाक्यांत तबकडीयुगाचा एक मोठा अध्याय सामावला आहे. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रकांसमोर गाण्यास ज्या स्त्रिया आल्या, त्या बहुतांशी पेशाने गाणाऱ्या, कलावंत घराण्यांतील होत्या. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रीने चारचौघांत गाणे त्या काळी निषिद्ध होते. पुढे अशा घरांतील कोणी गायिलेच, तर नावापुढे 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, असा शब्द छापण्याची पद्धत पडली. त्या एका शब्दाने कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, याचा निवाडा होत असे. पेशेवाईक गायिकेचा आवाज देवघरापर्यंत गेला. तिला स्वतःला ओसरीवरही पाट मिळाला नसता.

आषाढीच्या दिवशी हे स्मरण अधिकच टोचते, याचे कारण कान्होपात्रा होय. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही कन्या. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पांडुरंगाच्या पायांशी देह ठेवला, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. पंढरपूरच्या मंदिरात तिच्या नावाचे तरटीचे झाड भाविक श्रद्धेने पाहतात. वारकरी संप्रदायाने तिला संतमालिकेत बसविले, तिचे अभंग तिच्या नाममुद्रेसह जतन केले. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी जे नाव विठ्ठलाच्या दारी उच्चारण्यास लाज वाटली नाही, त्याच जातकुळीचे नाव विसाव्या शतकातील एका सुशिक्षित घराने खळ लावून झाकले! याच शतकात 'संत कान्होपात्रा'च्या प्रयोगास तीच मंडळी डोळे पुसत बसली असतील. चोखोबांची समाधी महाद्वाराशी, आणि त्यांच्या बांधवांना मंदिरप्रवेश मिळाला तो १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणास लावल्यावर. भक्तीने मोकळे केलेले दार रूढीने पुन्हा लावून घेतल्याची ही उदाहरणे एकाच जातीची आहेत.

या स्त्रियांचे ऋण किती मोठे आहे! पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांनी 'एकच प्याला'च्या पदांसाठी चाली पुरविल्या आणि त्या बालगंधर्वांच्या मुखाने महाराष्ट्राच्या झाल्या. मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचे धैर्य दाखविले आणि साध्या घरंदाज पेहरावात बसून गाणाऱ्या स्त्रीला सभागृहात मानाचे स्थान मिळवून दिले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. त्यांतील पहिले यान २०१२ साली सूर्यमंडलाच्या वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. जिच्या समाजाला गावाच्या पंगतीत स्थान नव्हते, तिचा स्वर पृथ्वीच्या वतीने विश्वात हिंडतो आहे. परंतु सुंदराबाई, हिराबाई, केसरबाई ही नावे टिकली. ज्यांच्या चार-सहा तबकड्या निघाल्या आणि ज्या पुढे कोठे गेल्या हे कोणी विचारले नाही, अशांची संख्या मोठी आहे. आमच्या पेटीतील 'बाई' त्यांपैकी एक होय.

थोरल्या आजोबांवर दोषारोप करण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांनीच ती तबकडी मुंबईहून आणविली होती, आणि मावशीच्या सांगण्याप्रमाणे तो अभंग लागला की त्यांचे डोळे मिटत. मनुष्य आपल्या काळाचा कैदी असतो. त्यांनी तबकडी फेकून दिली नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. पण त्याच घरात दुसरे एक माणूस होते. त्याला अक्षरओळख बेताचीच होती, मत विचारले जात नव्हते, आणि गाण्यास जात्यावाचून जागा नव्हती. त्या आजीने पट्टीखालचे नाव कदाचित कधी वाचलेही नसेल. तरी तिने त्या स्वरास 'बाई' म्हटले, आदराने बहुवचन वापरले, गुरूचा मान दिला. वेष्टणावरचे बुक्क्याचे बोट तिचेच, असे मावशी खात्रीने सांगते. एकादशीची पूजा आटोपली की देवाला, जात्याला आणि त्या तबकडीला ती बुक्का लावी.

माळ्यावर पाहावे

कागदावरचे नाव गेले तरी तबकडीने आपली एक खूण राखून ठेवली आहे. लेबलाच्या कडेशी लाखेतच उमटलेला एक क्रमांक असतो. तो ध्वनिमुद्रणाच्या वेळचा साचा-क्रमांक. कागदाची पट्टी त्याला झाकू शकत नाही, कसर खाऊ शकत नाही. जुन्या कंपन्यांच्या सूचिपत्रांत असे क्रमांक व त्यांसमोर गायकांची नावे सापडतात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या सभासदांनी आणि मायकेल किन्नियर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या याद्या जुळविण्यासाठी वर्षानुवर्षे खपून मोठे काम केले आहे. आमच्या तबकडीचा क्रमांक भिंगाखाली स्पष्ट वाचता येतो. तो उतरवून घेतला आहे आणि याद्यांशी ताडून पाहण्याचे काम सुरू आहे. मावशीच्या हयातीत ते नाव मिळावे आणि तिच्या कानी पडावे, एवढी इच्छा आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी, माळ्यावर वा अडगळीत, अशा तबकड्या असतील. त्यांना भंगारात घालण्यापूर्वी थोडे थांबावे. त्या एकावर एक रचू नयेत. ग्रंथांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. लेबल कोरडे राखून सौम्य साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवाव्यात व पूर्ण वाळू द्याव्यात. जुन्या गंजक्या सुईने वाजवू नयेत. जाणकाराकडून नक्कल करून घ्यावी. लेबलावरील प्रत्येक अक्षर आणि लाखेवरील प्रत्येक अंक वहीत टिपून ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ती तबकडी ऐकवावी आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्यावे. जे कोणत्याही सूचिपत्रात नाही, ते त्यांच्यापाशी असते.

यंदाच्या एकादशीस मावशीच्या घरी तो अभंग नेहमीप्रमाणे म्हटला जाईल. मावशीने यंदा एक दंडक घालून दिला आहे. यापुढे कोणीही तिला 'आमच्या घरची चाल' म्हणावयाचे नाही, म्हणणाऱ्याने आरंभी सांगावयाचे, "ही बाईंची चाल." जनाबाईंची नाममुद्रा अभंगाच्या शेवटी आहेच. आजवर न उच्चारलेली दुसरी नाममुद्रा आता आरंभी येईल. पुरते नाव मिळेपर्यंत त्या दोन अक्षरांनीच.